काळ्या पाषाणातील तळी शोधणारा धर्मोपदेशक : स्टीफन हिस्लॉप

धाराशिवची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, नळदुर्गचा किल्ला ज्या पाषाणावर उभा आहे आणि तुळजापूरच्या बालाघाटाचे कडे ज्या पाषाणाचे आहेत, तो पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला आणि थंड होऊन थिजलेला लाव्हा होय. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग या अग्निजन्य खडकाने व्यापला आहे. मात्र हा लाव्हा एकाच वेळी, एकाच लोटात वाहून आला नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये कधी शांततेचा काळ आला, थिजलेल्या खडकावर पाणी साचले, तळी निर्माण झाली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडे उगवली आणि पुन्हा नव्या लाव्ह्याने ते सारे गाडून टाकले. या गाडल्या गेलेल्या तळ्यांचा महाराष्ट्राच्या भूमीवर चिकाटीने मागोवा घेणाऱ्या पहिल्या अभ्यासकांमध्ये रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव मराठी माणसाला परिचित आहे. परंतु महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले गेले, ते गृहस्थ भूशास्त्रज्ञ होते, गोंडी लोककथांचे संग्राहक होते आणि एका पावसाळी रात्री पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला, हे अनेकांना ठाऊक नसते.

डन्स ते नागपूर

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. भूशास्त्राच्या इतिहासात या परगण्याला वेगळे महत्त्व आहे. आधुनिक भूशास्त्राचे जनक मानले जाणारे जेम्स हटन यांची शेती याच परगण्यात होती आणि पृथ्वीचे वय अफाट असले पाहिजे, या निष्कर्षाला बळ देणारा सिक्कार पॉइंट हा प्रसिद्ध समुद्रकडाही येथेच आहे. हिस्लॉप यांचे उच्च शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो येथे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये दाखल झाले आणि भारतात जाण्यास त्यांनी होकार दिला.

मद्रास लष्करातील एका अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीमुळे नागपुरात मिशन सुरू करण्याचे ठरले होते. डिसेंबर १८४४ मध्ये हिस्लॉप मुंबई बंदरात उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघुजी गादीवर होते, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या आणि गावोगाव हिंडून धर्मोपदेश सुरू केला. शाळेतील मुलांना इंग्रजी व गणिताबरोबर ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले जात. त्यामुळे शहरातील अनेक कुटुंबे या शाळेकडे साशंकतेने पाहात आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून कटुताही निर्माण झाली. हिस्लॉप यांच्या चरित्राची ही बाजू नजरेआड करता येत नाही. नागपुरातील इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि ते शिक्षण निव्वळ ज्ञानदानासाठी नव्हते.

टाकळीची टेकडी

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे स्कॉटिश धर्मोपदेशक हिस्लॉप यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाची ओढ होती. धर्मप्रचारासाठीची पायपीट आणि दगडांचे निरीक्षण यांची सांगड त्यांनी आपोआपच घातली. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेस असलेल्या टाकळी परिसरात त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दडलेला एक पातळ गाळाचा थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते. अधिक शोध घेता फळे, बिया, लाकडाचे तुकडे, माशांचे अवशेष आणि कीटकांचे पंखही मिळू लागले.

ज्वालामुखीच्या खडकात जीवाश्म सापडणे ही अजब गोष्ट होती, तरी ती पूर्णपणे नवी नव्हती. निर्मलच्या डोंगरांमध्ये जॉन मालकमसन यांना असे शंख आधीच सापडले होते आणि त्यांतील फायसा जातीच्या एका गोगलगायीला प्रिन्सेप यांचे नावही मिळाले होते. हिस्लॉप आणि हंटर यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी एका परिसरावर लक्ष केंद्रित करून वर्षानुवर्षे पद्धतशीर संग्रह केला. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूर परिसराचे भूशास्त्र आणि जीवाश्म यांवरील त्यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव हंटर मायदेशी परतले. पुढे एका मोठ्या इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक म्हणून ते नावारूपाला आले. नागपूरचे संशोधन मात्र हिस्लॉप यांनी एकट्याने पुढे चालू ठेवले.

त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांचा युरोपातील नामांकित तज्ज्ञांनी अभ्यास केला. चंद्रपूर भागातील मांगली येथील एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले आणि तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. टाकळीच्या कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी, तर सूक्ष्म कवचधारी जीवांवर रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये लिहिले. कोळशाशी संबंधित वालुकाश्मातील वनस्पतींचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे हिस्लॉप यांना मोठी हाडे मिळाली होती. हे ठिकाण पुढे डायनोसॉरच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध झाले.

मांगली आणि सिरोंचा परिसरातील हे खडक लाव्ह्याच्या आधीचे आहेत. ते प्राणहिता-गोदावरी खचदरीत साठले. जमिनीचा लांबलचक पट्टा दोन भेगांच्या दरम्यान खाली खचला, की त्यात नद्या व सरोवरे गाळ आणून टाकतात. अशा खचदरीतील गाळ आणि त्यानंतरचा लाव्हा, अशी दोन्ही प्रकरणे हिस्लॉप यांच्या वाट्याला एकाच प्रदेशात आली.

काळाचा प्रश्न

हिस्लॉप यांच्यासमोरचा सर्वांत मोठा प्रश्न होता तो काळाचा. दख्खनचा हा लाव्हा केव्हा वाहिला? त्या काळी खडकाचे वय मोजण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. थरांमध्ये कोणते जीव आढळतात, यावरूनच वय ठरवावे लागे. हिस्लॉप यांनी टाकळीच्या गोड्या पाण्यातील शंखांची तुलना आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या लाव्ह्यातील थरांशी केली. तेथे खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यातील शंख आढळले होते. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हे थर तृतीय महाकल्पाच्या आरंभीच्या इओसीन काळातील असल्याचे मत मांडले.

हा वाद त्यांच्यानंतर शतकभर चालला. भारतीय सर्वेक्षण खात्यातील अनेक तज्ज्ञ लाव्हा त्याहून जुना, म्हणजे क्रिटेशियस काळातील मानत. १९३४ मध्ये वनस्पतिजीवाश्मांचे थोर अभ्यासक बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या पुराव्यावरून लाव्हा तृतीय महाकल्पातील असल्याची बाजू पुन्हा जोरकसपणे मांडली. १९८० च्या दशकात लाव्ह्यामधील काही थरांतून डायनोसॉरचे अवशेष पुढे आले आणि किरणोत्सारी कालमापनानेही वय अधिक मागे गेले. आज दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस व तृतीय महाकल्पाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना झाला, असे मानले जाते. डायनोसॉर नष्ट झाले, तो हाच काळ. म्हणजे एकूण लाव्ह्याचे वय हिस्लॉप यांनी ठरवले त्याहून जुने निघाले. राजमहेंद्रीच्या थरांबाबत मात्र ते बरेच जवळ पोहोचले होते. तेथील सूक्ष्म सागरी जीवांच्या अभ्यासातून ते थर तृतीय महाकल्पाच्या अगदी आरंभीचे असल्याचे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे.

आणखी एका बाबतीत हिस्लॉप यांचा तर्क टिकला नाही. गाळाच्या वरचा लाव्हा तळ्यावर पसरला हे त्यांना मान्य होते; पण गाळाच्या खालचा लाव्हा नंतर जमिनीखालून घुसला असावा, असे ते समजत. लाव्हा एकावर एक थरांनी वाहत गेला आणि मधल्या विरामात तळी साचली, हे चित्र त्यांच्यानंतर विल्यम ब्लॅनफर्ड यांच्यासारख्या सर्वेक्षकांच्या कामातून स्पष्ट झाले. तरीही हिस्लॉप यांनी जमवलेला संग्रह नसता, तर वाद घालण्यासाठी पुरावाच उरला नसता.

बायबलवर निष्ठा असलेल्या धर्मोपदेशकाने कोट्यवधी वर्षांच्या साक्षीदारांची अशी नोंद ठेवावी, याचे आज आश्चर्य वाटते. त्या काळातील अनेक स्कॉटिश धर्मोपदेशकांना मात्र निसर्गाचा अभ्यास हा ईश्वराच्या कृतीचाच अभ्यास वाटे. हिस्लॉप यांचे भूशास्त्रीय निबंध थर, शंख आणि तुलना यांच्या आधारेच पुढे सरकतात.

करंडकांची तळी

टाकळीसारख्या थरांमधील फळे आणि लाकडे टिकली ती सिलिकामुळे. ज्वालामुखीच्या खडकातून झिरपणारे पाणी सिलिका विरघळवून आणते. ते पाणी तळ्यातील वनस्पतींच्या पेशीपेशींत शिरते आणि काळाच्या ओघात त्यांचे गारगोटीसारख्या चर्ट नावाच्या दगडात रूपांतर होते. म्हणूनच टाकळीच्या फळाचा काप घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना आजही दिसते.

याच सिलिकावर आणखी एक जीव पोसला जातो. त्याला इंग्रजीत डायाटम आणि मराठीत करंडक वनस्पती म्हणतात. हे एकपेशीय शैवाल सिलिकाचे झाकणदार कवच तयार करते. झाकण लावलेल्या करंड्यासारखे ते दिसते, म्हणून हे नाव. ज्वालामुखी प्रदेशातील सरोवरांत सिलिका मुबलक असल्यामुळे ही वनस्पती तेथे अमाप वाढते आणि तिची कवचे तळाशी साचून पांढरी, हलकी, सच्छिद्र डायाटमी माती तयार होते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत केनियातील कारियांडुसी येथे अशी माती खाणीतून काढली जाते. साखर, मद्य आणि तेल गाळण्यासाठी तिचा उपयोग होतो. आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक द्रव्य अशाच मातीत मुरवून डायनामाइट तयार केले.

दख्खनच्या गाडलेल्या तळ्यांत आफ्रिकेसारखे जाडजूड साठे बनले नाहीत. तळी लहान होती आणि त्यांचे आयुष्य नव्या लाव्ह्याने संपवले. पण २००३ मध्ये भारतीय संशोधकांनी लाव्ह्यामधील आणि त्याखालील लॅमेटा थरांतून गोड्या पाण्यातील करंडक वनस्पतींचे अवशेष नोंदवले. तोपर्यंत ज्ञात असलेल्या गोड्या पाण्यातील करंडकांमध्ये ते सर्वांत जुने ठरले. हिस्लॉप यांच्या हातातील साधनांना हे जीव दिसणे कठीण होते. पण आज खचदऱ्यांतील सरोवरांत फुलणाऱ्या या वनस्पतीच्या पूर्वजांची नोंद त्यांनी अभ्यासलेल्या प्रकारच्या थरांतूनच झाली, हे महत्त्वाचे आहे.

सत्तावनचे वर्ष

डिसेंबर १८५३ मध्ये तिसऱ्या रघुजींचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. त्याच १८५३ मध्ये निजामाशी झालेल्या करारानुसार नळदुर्ग जिल्हाही कंपनीच्या ताब्यात आला होता. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात मोडत असे. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. तेथील कारभार पाहणारे कादंबरीकार अधिकारी फिलिप मेडोज टेलर आणि नागपूरचे हिस्लॉप हे समकालीन. दोघांनाही प्राचीन शिलावर्तुळांचे आकर्षण होते.

१८५७ च्या जून महिन्यात नागपुरात उठावाची तयारी झाली. हिस्लॉप यांना एका मुस्लिम परिचिताकडून याची आगाऊ खबर मिळाली आणि ती त्यांनी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली. उठाव फसला. त्यात सहभागी झालेल्यांना फाशी देण्यात आली. इंग्रज चरित्रकारांनी या घटनेचे वर्णन नागपूरच्या बचावाचे श्रेय म्हणून केले. स्वातंत्र्यलढ्याच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती वेगळी दिसते. हिस्लॉप हे नागपूरवर प्रेम करणारे होते, तसेच ते राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

पुढे त्यांनी राज्यकर्त्यांनाही सोडले नाही. नागपूर प्रांताच्या ढिसाळ कारभारावर त्यांनी वृत्तपत्रांतून टीका केली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रांताची सूत्रे हाती घेतली. टेंपल आणि हिस्लॉप यांचे सूर जुळले. गोंड व अन्य आदिवासींविषयी हिस्लॉप यांनी जमवलेली माहिती, गोंडी शब्दसंग्रह आणि एका प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली लिंगोची गाथा यांमध्ये टेंपल यांना विशेष रस होता.

टाकळघाटची रात्र

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप आणि टेंपल नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यासाठी गेले. दिवसभराच्या पाहणीनंतर टेंपल बोरी येथील मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले आणि अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने वाटेतील ओढा फुगला होता. घोडा मुक्कामावर पोहोचला, पण त्यावर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा हिस्लॉप यांचा मृतदेहच हाती लागला. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षे पूर्ण झाली असती.

आदिवासींविषयीचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले. टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले आणि लिंगोची गाथा अभ्यासकांपुढे आली. नागपूरच्या तळ्यांतील एका गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राणिवसाहतीला हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्येच हिस्लॉपिया असे नाव दिले होते. एका हिरवट कॅल्साइट खनिजालाही हिस्लॉपाइट म्हटले गेले. १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाने हे नाव शहरात कायम केले. ज्या टाकळघाटहून ते परतत होते, तेथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले आणि शिलावर्तुळे लोहयुगातील असल्याचे स्पष्ट झाले.

धाराशिवच्या जमिनीखाली

हिस्लॉप यांचे कार्यक्षेत्र नागपूर परिसर हे होते. तरीही त्यांनी मांडलेला प्रश्न धाराशिवसाठी परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबरच त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तोवर हा प्रदेश भूकंपापासून सुरक्षित समजला जात असे. काळ्या पाषाणाखाली काय आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विवर खोदण्यात आले. त्यात ३३८ मीटर जाडीचा लाव्हा लागला, त्याखाली केवळ ८ मीटर गाळाचा थर आणि त्यानंतर अतिप्राचीन खडक लागला. ज्वालामुखी जागा होण्यापूर्वी या भूमीवर पाणी आणि गाळ होता, याची ती ८ मीटरची साक्ष आहे. कुर्डुवाडी परिसरात लाव्ह्याखाली एक जुनी खचदरी दडली असावी, असेही काही भूशास्त्रज्ञांचे मत आहे.

दैनंदिन जीवनातही या थरांचे मोल मोठे आहे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहिरीला पाणी लागते, ते अखंड पाषाणात नव्हे. ते लागते दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, सच्छिद्र खडकात आणि भेगांत. कोणता थर कोठे संपतो आणि त्याखाली काय आहे, हे समजून घेणे हा येथे पाण्याचा प्रश्न आहे. विहिरीच्या खोदाईत बाहेर निघणारा दगड, लाल मातीचा पट्टा किंवा शंखासारखा आकार अनेकदा ढिगाऱ्यात टाकून दिला जातो.

ज्या टाकळीत हिस्लॉप यांना शंख सापडले, तो परिसर आज नागपूर शहराने गिळला आहे. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांपैकी अनेकांचा अभ्यास परदेशात झाला. जेथून ते निघाले, ती जागा मात्र इमारतींखाली गेली. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. लेण्यांच्या या जुन्या नावासोबत पाषाणाचा त्याहून जुना इतिहासही जपावयाचा असेल, तर खाणी, घाटरस्त्यांची कापणी आणि विहिरींचे थर यांची नोंद येथेच व्हायला हवी. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पायी फिरणाऱ्या दोन धर्मोपदेशकांना जे जमले, ते महाविद्यालये आणि भूजल कार्यालये असलेल्या जिल्ह्याला अशक्य नाही.